स्थळ विनोदी असल्याचे आढळल्यास

विवाहमंडळाच्या फॉर्ममध्ये ‘जोडीदाराविषयी अपेक्षा’ असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात मुलाकडचे ‘गृहकृत्यदक्ष’ आणि मुलीकडचे ‘निर्व्यसनी’ असे लिहून मोकळे होत. आता दोन्हीकडचे त्याच्या शेजारी ‘सेन्स ऑफ ह्युमर हवा’ असेही लिहितात. यातून जी प्रशासकीय अडचण उभी राहिली आहे तिच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले नाही. फ्लॅट खरोखर मुलाच्या नावावर आहे का, हे इंडेक्स टू काढून बघता येते. पगार फॉर्म सोळावरून कळतो. व्यसनांची चौकशी कोपऱ्यावरच्या पानटपरीवर पाच मिनिटांत होते, आणि पानवाला सहसा खोटे बोलत नाही. विनोदबुद्धीचा दाखला मात्र तहसील कार्यालयातून मिळत नाही, सेतू केंद्रातूनही नाही. उमेदवार सांगेल ते खरे धरावे लागते. टक्कल लोक कबूल करतात, गृहकर्जही करतात. पण आपल्याला विनोदबुद्धी नाही असे लिहून देणारा उमेदवार अजून कोणत्याही मंडळाला भेटलेला नाही.

सबब ही मार्गदर्शिका. उपवर मुली, उपवर मुलगे आणि त्यांचे आईवडील यांनी ती वाचावी. मावशी आणि आत्या यांनी वाचली नाही तरी चालेल. त्यांची मते आधीच पक्की असतात.

मागणी आणि पुरवठा

कोण काय मागतो आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. बाल्टिमोरचे प्राध्यापक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा अभ्यास करण्यात बरीच वर्षे घालवली. २८ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या आठ वर्तमानपत्रांत छापून आलेल्या ३,७४५ ‘जोडीदार पाहिजे’ जाहिराती त्यांनी तपासल्या. तो रविवार होता. आपल्याकडे रविवारचे असले वाचन घरोघरच्या आज्या करत आल्या आहेत, फक्त त्यांनी निष्कर्ष कुठे प्रसिद्ध केले नाहीत. प्रोव्हाइन यांना असे दिसले की विनोदबुद्धी मागण्यात बायका पुढे होत्या आणि ती देऊ करण्यात पुरुष पुढे होते. म्हणजे बाजार जुळला, असे कोणालाही वाटेल.

तो जुळलेला नाही. कॅनडातल्या एरिक ब्रेसलर, रॉड मार्टिन आणि सिगल बालशाइन या संशोधकांनी २००६ साली हाच प्रश्न जरा खोलात जाऊन विचारला. त्यांच्या पाहणीत स्त्रियांना हसवणाराही हवा होता आणि आपल्या विनोदावर हसणाराही हवा होता. पुरुषांचे लक्ष मात्र ती आपल्या विनोदावर हसते की नाही, इकडेच होते. ती स्वतः किती विनोदी आहे याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते.

तेव्हा मुलाच्या फॉर्मवर ‘हसतमुख, मनमोकळी, विनोदाची जाण असलेली’ असे वाचनात आल्यास मुलीच्या वडिलांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचावे. इथे एक श्रोता हवा आहे. कामाची वेळ आयुष्यभर, साप्ताहिक सुट्टी नाही, पगाराचा उल्लेख नाही.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या भेटीत मुलीने स्वतः एक विनोद करावा. विनोद चांगला असावा, कारण वाईट विनोदावर तो हसला नाही तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. मुलगा हसला तर बोलणी पुढे न्यावीत. त्याला कळला नाही आणि त्याने तसे कबूल केले, तर स्थळ हातचे सोडू नये; असा प्रामाणिकपणा घरखर्चाच्या चर्चेत फार उपयोगी पडतो. त्याने नुसते ‘हं’ केले, तर एक संधी आणखी द्यावी. मात्र तोच विनोद त्याने किंचित सुधारून, थोड्या मोठ्या आवाजात, आपला म्हणून खोलीतल्या इतरांना सांगितला आणि ते हसले, तर बशीतले पोहे अर्धवट राहिले तरी चालतील, उठावे.

या चाचणीत मुख्य अडथळा मुलीच्या आईचा असतो. ‘तिथे उगाच जास्त बोलू नकोस हं,’ ही सूचना रिक्षात बसताना दिली जाते. तिचा अवमान करावा लागेल.

पोह्यांच्या वेळी

मराठी विनोदाचा पाया ज्यांनी घातला त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे पुस्तक ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ओळखले जाते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी बाळकराम हे नाव घेऊन ठकीच्या लग्नाच्या खटपटीवर लिहिले. तेव्हापासून मराठीत स्थळ बघणे आणि विनोद करणे हे दोन व्यवसाय पुरते वेगळे झालेलेच नाहीत. तरी प्रत्यक्ष पोह्यांच्या कार्यक्रमात विनोद जवळजवळ होत नाही, हसणे मात्र सतत चालू असते. हे कसे, याचे उत्तरही प्रोव्हाइन यांच्याकडे आहे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये आणि रस्त्यावर उभे राहून लोक हसतात कधी याच्या १,२०० नोंदी केल्या. त्यांतले फार तर १० ते २० टक्के हसणे विनोदासारख्या कशावर तरी होते. बाकीचे लोक ‘बरं, भेटू मग’ अशा थाटाच्या वाक्यांवर हसत होते. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा माणूस ४६ टक्के जास्त हसत होता.

हे आकडे डोक्यात ठेवून दिवाणखान्यात बसावे. मुलाचे वडील ‘आमच्याकडे काय, होम मिनिस्टर सांगतील तसं!’ असे म्हणतील आणि स्वतःच हसतील. मुलीचे काका ‘सगळीकडे तेच आहे हो!’ म्हणतील आणि तेही हसतील. मध्यस्थ दोघांच्या वाट्याचे हसेल. ही हसण्याची रक्कम हिशेबात धरू नये. त्या खोलीत अजून कोणीही विनोद केलेला नाही.

मुलीच्या हसण्याबाबत मुलाने विशेष दक्षता बाळगावी. कार्ल ग्रामर आणि आयबल-आयबेसफेल्ट यांनी जर्मनीत अनोळखी तरुण-तरुणींना पहिल्यांदाच बोलताना पाहिले, तेव्हा मुलगी जितकी जास्त खुलून हसली तितके तिने त्या तरुणाबद्दलचे स्वारस्य जास्त असल्याचे नंतर सांगितले. ही माहिती कानावर येताच काही मुले लगेच हॉल बुक करायला निघतील. त्यांनी थांबावे. त्या जर्मन मुलीच्या मागे ‘नीट हसून बोल’ असे सांगून ठेवलेली काकू उभी नव्हती. आपल्याकडची मुलगी पाण्याचा ग्लास देताना हसते, फ्रीजच्या ब्रँडवरून चर्चा निघाली तरी हसते आणि मुलगा मनातून पार उतरला असेल तर जरा जास्तच हसते, कारण आता काळजीचे कारण उरलेले नसते.

खरे हसू डोळ्यांत कळते, हे दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले आहे. ओठांचे स्नायू हुकमावर हलतात. डोळ्यांभोवतालचे स्नायू बहुतेकांच्या बाबतीत मनापासून हसल्याशिवाय पुरते आकसत नाहीत. तेव्हा मुलाने डोळ्यांच्या कडांकडे बघावे. टक लावून बघू नये, निराळे गैरसमज होतात.

गॅलरीतली दहा मिनिटे

यानंतर कोणीतरी ज्येष्ठ व्यक्ती ‘तुम्ही दोघं जरा बोला, आम्ही काय, म्हातारी माणसं’ असे म्हणते आणि दोघांना गॅलरीत पाठवते. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकमेकांना न ओळखणाऱ्या ५१ जोड्यांना अशीच सुमारे दहा मिनिटे गप्पा मारायला बसवले होते. आपल्याकडे हा प्रयोग घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, शिवाय निरीक्षणासाठी दाराच्या फटीशी एक आत्या नेमलेली असते. हॉल यांना दिसले ते असे: कोणी किती विनोद केले यापेक्षा दोघे मिळून किती हसले, यावरून परस्परांबद्दलची ओढ चांगली कळते. आत्याही बाहेर येऊन एवढेच सांगते: ‘हसण्याचा आवाज येत होता बाई.’ दोघांचा की एकाचा, हे मात्र तिला विचारून घ्यावे.

गॅलरीत काय विचारावे? ‘तुम्हाला विनोद आवडतात का?’ हे विचारू नये. होकारच मिळणार. ‘अशी ही बनवाबनवी’ किती वेळा पाहिला, हा प्रश्नही निरुपयोगी आहे. तो १९८८ चा सिनेमा दोघांनाही पाठ असतो आणि त्यातून उमेदवार महाराष्ट्रात वाढला एवढेच सिद्ध होते. त्याऐवजी ‘परवा-तेरवा कशावर हसलात?’ असे विचारावे. उत्तर देताना माणूस बेसावध असतो. ऑफिसातल्या कोणाच्या तरी इंग्रजीवर तो हसला होता का? बिल्डिंगच्या वॉचमनवर? की लिफ्टच्या आरशात स्वतःलाच ओळख दाखवून ‘नमस्कार’ म्हणाला म्हणून? हसण्याचा रोख ऐकून घ्यावा. माणूस आपल्यापेक्षा वरच्याला हसत असेल, स्वतःला हसत असेल, तर घर चालते. तो फक्त खालच्याला हसत असेल, तर लग्नानंतर खाली कोण असेल याचा मुलीने विचार करावा. तिथे जागा एकच आहे.

भेट कॅफेत ठरली असेल तर आणखी सोय. कॉफी आणणाऱ्या पोराशी तो काय थट्टा करतो, आणि त्या थट्टेवर तो पोरगा हसतो की टेबल पुसायला लागतो, हे पाहावे. दुशेनचा नियम त्या पोरालाही लागू आहे.

एक दुरुस्ती इथेच करून टाकू. मुलगा भेटीत गप्प बसला म्हणून त्याला विनोदबुद्धी नाही, असा शेरा मारू नये. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना जन्म देणारे चिं. वि. जोशी बडोद्यात पाली भाषा शिकवत. पाली शिकवणारे स्थळ आज कोणत्या मंडळात नोंदवले, तर ‘फार गंभीर वाटतात’ म्हणून पहिल्याच फेरीत परत येईल, आणि कोणाला तरी एक फार चांगला नवरा हुकेल.

घातक प्रकार

फॉरवर्डवाला. हा सकाळी सात वाजता सूर्योदयाचे चित्र आणि सात वाजून दोन मिनिटांनी विनोद पाठवतो. उपद्रव मर्यादित आहे. फोन म्यूट करता येतो.

कोटीबाज. हा कोटी केल्यावर थांबतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. त्या शांततेची सवय करावी लागते. पुणे जिल्ह्यात हे प्रमाण जास्त असून तिथे याला दोष समजत नाहीत.

नकलाकार. हा बॉसची, सासऱ्याची, दातांच्या डॉक्टरची हुबेहूब नक्कल करतो आणि सगळी मैफल खूश होते. मैफलीतली एकच व्यक्ती तो आपली नक्कल कोणापुढे करत असेल असा विचार करत असते. ती त्याची होणारी बायको असल्यास तिची शंका रास्त आहे.

टोमणेबाज. याच्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण हा प्रकार ‘मुलगा विनोदी आहे’ याच लेबलाखाली सर्वांत जास्त खपतो. याचे वाक्य धारदार असते, वेळ अचूक असते, लोक हसतात. साखरपुड्याआधी त्याचे लक्ष्य तिऱ्हाईत असते म्हणून मुलगीही हसते. पुढे लक्ष्य बदलते. भाजीत मीठ कमी पडले तर हा ‘मीठ कमी आहे’ असे म्हणत नाही. पाहुण्यांसमोर ‘डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं सगळ्यांनाच’ असे म्हणतो. तिने तोंड वाकडे केले तर पुढचे वाक्य ठरलेले: ‘अगं, गंमत केली. तुला गंमतच कळत नाही.’ या वाक्यात आरोपीच न्यायाधीश होतो आणि फिर्यादीला दंड ठोठावतो. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षे जोडप्यांची भांडणे टिपून ठेवली. लग्न मोडण्याकडे नेणाऱ्या वागण्यांत त्यांनी तुच्छता सर्वांत वर ठेवली, आणि तुच्छता दाखवण्याच्या तऱ्हांत खोचक, उपहासाचा विनोद आवर्जून धरला. रागावणारा माणूस त्या मानाने परवडला. राग आला की निदान तो हसू आणून दाखवत नाही.

हे साखरपुड्याआधी ओळखायचे कसे? त्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणते विनोद फिरतात याची आडून चौकशी करावी. ‘बायको माहेरी गेली’ या एका घटनेवर मराठीत जितके विनोद उपलब्ध आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशावर असतील. ते तो पाठवतो का, की त्याचे वडील पाठवतात, आणि त्याची आई त्यावर हसण्याचा इमोजी टाकते का, तिन्ही तपासावे. आई टाकत असेल तर तिच्याशी एकदा एकांतात बोलून घ्यावे. तिच्याकडून फार माहिती मिळते.

टोमणेबाज स्त्रियाही असतात, आणि मुलांनीही हेच नियम वापरावेत. फरक इतकाच, की त्यांना ‘विनोदी’ असे न म्हणता ‘फटकळ’ म्हणतात, त्यामुळे मुलाकडच्यांना सूचना आपोआप मिळते.

मुलांसाठी

विनोद पाठ करून जाऊ नये. पाठ केलेला विनोद बाहेर पडण्याची संधी शोधत असतो आणि ती संधी नेहमी मुलीच्या आजोबांच्या बायपासची हकीकत चालू असताना येते. स्वतःवर विनोद करणे उत्तम, पण त्याला आर्थिक मर्यादा आहे. घसघशीत पॅकेजवाल्याने ‘मला काही येत नाही हो’ म्हटले की लोकांना तो नम्र वाटतो. नोकरी शोधणाऱ्याने तेच म्हटले तर मुलीचे वडील ते माहिती म्हणून नोंदवून घेतात.

एवढे सगळे जमून मुलगी हसलीच, तर लगेच दुसरा विनोद करू नये. हा मोह आवरता येणाऱ्यांची टक्केवारी कोणी मोजलेली नाही, ते बरेच आहे.

प्रेमविवाह करणाऱ्यांसाठी या मार्गदर्शिकेत फारसे काही नाही. प्रेमात असताना माणसाला समोरच्याचे सगळेच विनोद हसण्यासारखे वाटतात, त्यामुळे चाचणी ग्राह्य धरता येत नाही. त्यांनी एखादी लांबची, गर्दीची, उशिरा सुटलेली एस.टी. दोघांनी मिळून पकडावी. पाचव्या तासाला निकाल हाती येतो.

घरात विनोदी माणूस आणण्यापूर्वी

हसवणारा माणूस नवरा म्हणून मिळाला की घर हसते राहील, अशी समजूत आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांनी १९४६ साली रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने लग्न केले. १९९० मध्ये सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले तेव्हा महाराष्ट्राला धक्का बसला. आपल्याला इतके हसवणाऱ्या माणसाच्या घरातही कोणीतरी व्यवहार बघत होते, हिशेब ठेवत होते, नको ते नको म्हणत होते, आणि ते काम हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे वाचकांच्या तोपर्यंत डोक्यातच आले नव्हते. कित्येकांना राग आला. मला ते पुस्तक विवाहमंडळांनी फॉर्मसोबत द्यावे असे वाटते. विनोदी स्थळ पसंत करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारून घ्यावा: हा मैफल रंगवत असेल तेव्हा गॅस सिलिंडर कोण नोंदवणार आहे?

लग्नविधींतल्या चाचण्या

आपल्या पूर्वजांनी नवऱ्या मुलाची विनोदबुद्धी तपासण्याची व्यवस्था केली होती, असे मानायला जागा आहे. कानपिळीच्या वेळी मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बूट पळवण्याचे हिंदी सिनेमातून आले आणि आता ते परंपरा म्हणून स्थिर झाले आहे. उखाण्याची सक्ती तर दोघांनाही आहे. व्यवस्था चोख आहे, फक्त वेळ चुकली आहे. मेव्हण्याने कान पिळल्यावर नवरदेवाच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले, हे चारशे माणसे पाहतात, पण तोपर्यंत अक्षता पडलेल्या असतात आणि केटररला ॲडव्हान्स गेलेला असतो. म्हणून कानपिळीची रंगीत तालीम बोलणी चालू असतानाच घ्यावी, अशी शिफारस आहे. मुलीच्या भावाने निमित्त शोधावे.

उखाणा नवऱ्याने स्वतः रचलेला असावा. नमुन्यादाखल:

कुकरची तिसरी शिट्टी, चौथीची वाट पाहतो,
—चं नाव घेतो, ती हसली तर पुढचं सांगतो.

याहून चांगला जमत नसेल तर हाच म्हणावा. याहून वाईट जमत असेल तर फार उत्तम. ज्या नवऱ्याला वाईट उखाणा म्हणून मोकळेपणाने हसे करून घेता येते, त्याच्याबाबत वरच्या बहुतेक चाचण्या रद्द समजाव्यात.

नकार कसा कळवावा

सर्व तपासण्यांअंती स्थळ अयोग्य ठरले, तर खरे कारण सांगण्याच्या भानगडीत पडू नये. ‘तो स्वतःच्याच विनोदावर हसतो’ हे कारण घरात चालत नाही. आई म्हणते, ‘मग काय झालं? तुझे बाबा इतकी वर्षं तेच करताहेत.’ आणि बाबा हसतात.

अशा वेळी पत्रिका कामी येते. गुणमिलनात ३६ गुण असतात. नाडीला ८, भकूटाला ७, गणाला ६ असे करत वर्णाच्या १ गुणापर्यंत वाटणी झालेली आहे. योनी बघताना मांजर आणि उंदीर यांचे वैरसुद्धा विचारात घेतात. दोघे एकाच गोष्टीला हसतात का, याला शून्य गुण आहेत. त्यामुळे त्या मुद्द्यावर दिलेला नकार खुशाल बाकीच्या आठांपैकी कोणत्याही कूटावर ढकलता येतो. मध्यस्थाला ‘एकनाडी आली हो, नाहीतर मुलगा लाखात एक’ असे कळवावे. मुलाकडचे चिवट असतील तर दुसरे गुरुजी गाठून परिहार काढतील आणि २८ गुण जुळवून आणतील. तसे झाल्यास मुलगी एवढ्यात लग्न करणार नाही, पुढे शिकायला परदेशी जाते आहे, असे सांगावे आणि देश सांगू नये, कारण मुलाचा एक चुलतभाऊ तिथे असतोच. त्यानंतर निदान एक लग्नसराई लक्ष्मी रोडवर जाऊ नये. जाणे भागच पडले आणि तुळशीबागेच्या तोंडाशी मुलाची आई समोर आलीच, तर व्हिसाचे अडले आहे म्हणावे.